समुद्रासाठी ग्राफिक्स कार्ड

माझ्या मामाला नाटकमंडळीत सगळे ‘पडदे’ म्हणतात, अगदी आडनाव असल्यासारखं. “पडदे आले का?” “पडद्यांना विचारा.” “जपून हं, पडदे आज तापलेत.” नवीन माणसाला वाटतं, यांच्याकडे कापडाला ताप येतो की काय.

पूर्वी कापडच होतं. राजवाडा, जंगल, कोर्ट, स्टेशन, नाटकाला जे लागेल ते मामा जमिनीवर कापड अंथरून, अनवाणी, लांब दांड्याच्या ब्रशाने झाडू मारल्यासारखं रंगवायचा. जवळून बघावं तर नुसते फराटे. लहानपणी मी विचारलं होतं, “मामा, हे झाड आहे?”

“शेवटच्या रांगेत जाऊन बस. मग विचार.”

गेले, बसले. झाड होतं. वारा सुटलाय असंही वाटलं.

मग मंडळीच्या मालकांना कापड जड वाटायला लागलं. टेम्पो, हमाली, ओल, उंदीर. त्यांनी प्रोजेक्टर आणला. मामा आठवडाभर कोणाशी बोलला नाही आणि मग एका सकाळी जेवणाच्या टेबलावर टॅब्लेट ठेवून त्यावर पेन घासताना दिसला. पेन बोटभर, पण मामाचा हात खांद्यापासून फिरत होता.

“अहो, चित्र काढताय की फरशी पुसताय?” मामीने विचारलं.

“सवय आहे.”

“टेबल हलतंय.”

“हलू दे. समुद्र आहे.”

हा समुद्र नव्या नाटकासाठी होता. नाटकाची गोष्ट सरळ. किनाऱ्यावर एक बाई नवऱ्याच्या होडीची वाट बघत असते, आणि शेवटच्या प्रवेशात तिला कळतं की होडी बुडाली. बातमी आणणाऱ्यावर ती ओरडते, आणि मग एक अक्षर बोलत नाही. नुसती उभी राहते. ही भूमिका आमच्या ज्येष्ठ नटी करत होत्या आणि नाटक बसवतही त्याच होत्या. त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. त्यांची ती शांतता रोज वेगळी. कधी एवढीशी, कधी इतकी लांब की प्रॉम्प्टिंगला बसलेली मी पुस्तकातली ओळ शोधायला लागायची. ओळ नसायचीच तिथे.

मामा विंगेत माझ्या शेजारी बसायचा. समोर कॉम्प्युटर, हाताशी सरकपट्टीसारखं एक बटण. बाईंचा खांदा चढला की मामाची लाट चढायची, खांदा उतरला की उतरायची. एकेक लाट त्याने हाताने रंगवलेली, एकीवर एक चढवलेली, आणि ती सगळी फौज त्याच क्षणी, बाईंच्या श्वासाबरोबर हलवायची. मालक म्हणाले होते, “व्हिडिओ करून लावून टाका ना. डोक्याला ताप कशाला?”

“व्हिडिओ लावला की बाईंना त्याच्यामागे पळावं लागेल,” मामा म्हणाला. “माझा समुद्र बाईंच्या मागे चालतो.”

चालायचा खरा, पण लंगडत. कॉम्प्युटर जुना. फौज मोठी झाली की चित्र अडकायचं, पुन्हा सुटायचं, पुन्हा अडकायचं. तालमीत ऐन शांततेत बाईंनी मान वळवून मागे बघितलं.

“पडदे, नवरा माझा बुडालाय. उचकी समुद्राला का लागलीय?”

सगळे हसले. मामा नाही हसला. मालकही नाही. त्यांनी मामाला बाजूला घेतलं, पण त्यांचा आवाज बाजूला जाणारा नव्हे.

“कॉम्प्युटरला ते काय लागतं ते कार्ड घ्या. साधं घ्या, मी पैसे देतो. पण पहिल्या प्रयोगात हे असं झालं, तर दुसऱ्यापासून मागे काळा पडदा. आणि काळ्या पडद्याला रंगारी लागत नाही, पडदे. तुम्हालाही आता आराम नको का?”

आराम हा शब्द मामाला शिवीसारखा लागतो. घरी येईपर्यंत त्याने तो दोनतीनदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितला.

कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान दोन गल्ल्या सोडून. जिन्याखालची जागा, एवढीशी, पण आत जिकडेतिकडे लखलखाट: पंखे चमकताहेत, कीबोर्ड चमकताहेत, माऊसच्या पोटातसुद्धा दिवा. दुकान चालवणाऱ्या मुलीचे शाळेतले फ्रॉक मामीने शिवलेले. मामी मंडळीचे कपडे शिवते, आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांची मापं तिला तोंडपाठ. त्यामुळे त्या दुकानात तिचा शब्द चालतो.

“बारीक झालीस गं,” मामी आत शिरताशिरता म्हणाली.

“मामी, तुम्ही नेहमी हेच म्हणता.”

“टेप नेहमी हेच सांगते.”

मुलीने दोन खोकी समोर ठेवली. “मामा, नीट ऐका. दोन्हीत चिप तीच. मेंदू एकच म्हणा ना. हे साधं, दोन पंखे, प्लास्टिकचं अंग. आणि हे भारीतलं. तीन पंखे, पाठीला धातूची पाटी, आत गार ठेवायला भरपूर ॲल्युमिनियम.”

“काम जास्त कोण करतं?”

“उन्नीस-बीस.”

“मग जास्तीचे पैसे कशाचे?”

“तापण्याचे. कामाला लागलं की दोन्ही तापतात. साधं तापलं की धापा टाकतं. भारीतलं शांत राहतं.”

मामा माझ्याकडे वळला. “मेंदू तोच ना? मग साधं. शेवटच्या रांगेतून खोकं कोणाला दिसतंय?”

“शेवटच्या रांगेतून दिसत नाही, पण पहिल्या रांगेत ऐकू येतं,” मामी म्हणाली. “बाई शेवटी गप्प उभ्या राहतात ना? त्यात हे धापा टाकायला लागलं, तर लोकांना वाटेल नवरा पोहत परत आला.”

मुलगी हसून वाकली. मग तिने दोन्ही कार्डं आळीपाळीने जोडून, त्यांच्यावर भार टाकून दाखवला. मामाने डोळे मिटले. साधं कार्ड घोंघावलं. भारीतलं घोंघावलंच नाही. मामाने डोळे उघडून विचारलं, “चालू केलंस का?”

“केव्हाचंच.”

मामाचा चेहरा लहान मुलासारखा झाला. मग मालकांची आठवण येऊन पुन्हा मोठा झाला. “ते साध्याचेच पैसे देणार.”

“वरचे मी घालते,” मामी म्हणाली.

“तू कशाला?”

“मला पण ऐकू येतं म्हणून. रात्रंदिवस घरात समुद्र चालू असतो तुमचा.”

भारीतलं घरी आलं. समुद्राची उचकी गेली. तालमीत लाटा अशा वळल्या की प्रकाशयोजना करणारा माणूस शिडीवरून म्हणाला, “पडदे, खारट वास येतोय.” मामाने ऐकलंच नाही असं दाखवलं, पण नंतर मला दोनदा विचारलं, तो काय म्हणाला म्हणून.

मग शेवटचा प्रवेश आला. बातमी येते आणि क्षणभर पूर्ण अंधार होतो, त्या अंधारातून समुद्र हळूहळू उजळतो. आमच्याकडे अंधार म्हणजे चेष्टा नाही. घड्याळ काढून खिशात, फोन बाहेर टेबलावर, कोणाच्या बुटाला चमकणारी पट्टी असेल तर तिच्यावर काळी चिकटपट्टी. तर असा अंधार झाला आणि विंगेतून लाल, मग जांभळा, मग पोपटी उजेड रंगमंचावर सरकत गेला. बाईंच्या गालावर जाऊन थांबला. पुन्हा लाल.

“पडदे,” बाई जागच्या न हलता म्हणाल्या, “मी आत्ता विधवा झालेय की सर्कशीत आलेय?”

कार्डाला दिवे होते. दुकानात सगळंच चमकत होतं, त्यात आम्हा तिघांनाही ते कळलं नव्हतं. आणि मामा कॉम्प्युटरच्या बाजूचं झाकण कधी लावत नाही. आत काय चाललंय ते त्याला दिसायला हवं असतं.

आता दुसऱ्या कोणी काय केलं असतं माहीत नाही. आम्ही नाटकवाले. आम्हाला उजेड दिसला की झाकायचा, एवढंच ठाऊक. मामी घरी गेली आणि मंडळीच्या काळ्या मखमलीतून कॉम्प्युटरला अंगरखा शिवून आणला. कोपऱ्यात चुणी, मागे वायरींना काज, खाली नाडी. असा बसला की बाईसुद्धा म्हणाल्या, “अगं, माझा ब्लाऊज कधी एवढा नीट बसवला नाहीस.”

“तुम्ही माप देताना श्वास रोखता, बाई. हा रोखत नाही.”

दुसऱ्या दिवशी मालक तालीम बघायला आले. अंधार झाला. काळाकुट्ट. मामाने माझा हात दाबला. समुद्र उजळला. लाटा चढल्या. बाई गप्प उभ्या राहिल्या, आणि मखमलीच्या आतून बारीक कण्हल्यासारखा आवाज आला. मग मोठा. मग विमान उडायच्या आधी करतं तसा. विंगेत गरम धुळीचा वास सुटला आणि बाईंच्या मागचा समुद्र दिवा विझावा तसा गेला.

मालक उठले, खुर्ची फट्कन वर झाली. “रविवारी प्रयोग आहे,” एवढंच म्हणून गेले.

मामाने एकट्याने अंगरख्याची नाडी सोडली. हात भाजला तरी ओरडला नाही. संध्याकाळी कार्ड खोक्यात घालून दुकानात गेला, एकटाच, कोणाला बरोबर येऊ दिलं नाही. मुलीने विचारलं, “काय झालं मामा? बिघडलं?”

“नाही.”

“मग?”

“भारीतलं आपल्याला झेपत नाही. साधं दे.”

यापुढे एक शब्द नाही. मखमलीचा अंगरखा घातला होता हे त्या पोरीला कसं सांगणार? तिने बिचारीने कार्ड तपासलं, ठीक होतं, परत घेतलं आणि साधं दिलं. वरचे पैसे मामाने मामीच्या मशीनवर आणून ठेवले. मामीने ते बघितले, मामाकडे बघितलं, आणि मशीन चालवत राहिली.

साध्या कार्डाला दिवे नव्हते. उचकीही लागली नाही. पण शनिवारी सकाळच्या तालमीत बाई गप्प झाल्या आणि विंगेतून घुंऽऽऽ सुरू झालं. सतत, एका सुरात. कॉम्प्युटर मागच्या खोलीत नेऊन लांब वायर टाकून बघितली, तर चित्र लुकलुकायला लागलं. बाई या वेळी काही बोलल्या नाहीत. मामाचा चेहरा बघून त्यांनी टोमणा गिळला, हे मला स्पष्ट दिसलं. ते जास्त वाईट होतं.

दुपारी मामीने मामाला धरून दुकानात नेलं. मीही गेले. मामी म्हणाली, “सांगा तिला. सगळं सांगा. अंगरख्यासकट.”

मामाने सांगितलं, काउंटरवरच्या एका स्क्रूकडे बघत. मुलीने हसू दाबलं, दाबलं, आणि मग डोक्यालाच हात लावला.

“मामा! दिवे बंद करता येतात हो! कॉम्प्युटरमधूनच. एक क्लिक.”

“बंद होतात?”

“आणि तुम्ही त्याला रजई पांघरून पळायला लावलंत!”

“रजई नाही, मखमल,” मामी म्हणाली. तिथेही तिला कापड चुकीचं सांगितलेलं चालेना. मग मामाकडे वळली. “परत करताना तोंड उघडलं असतंत तर काय दात पडले असते?”

“आहे ना ते?” मामाने मुलीला विचारलं. “माझंच. दे परत.”

मुलीचं हसू उतरलं. “मामा, ते आज सकाळीच गेलं. दुसरं यायला दोन आठवडे तरी.”

आम्ही तिघं रस्त्यावर आलो. मामा चालताना एरवी भिंतींचे रंग बघतो, कुठे पोपडे निघालेत, कुठे दुसरा हात नीट मारला नाहीये. आज खाली बघत होता.

“काळा पडदा,” तो म्हणाला. “काय वाईट आहे? धुळीला तेवढा चांगला.”

“अहो,” मामी म्हणाली.

“आरामच करतो.”

“आराम करणार तुम्ही? घरी? माझ्यासमोर?” मामी थांबली. “मला एक सांगा. सकाळी पहिल्या प्रवेशात ते घुं नव्हतं. तेव्हाही समुद्र होता ना मागे?”

“पहिल्या प्रवेशात लाटा कमी आहेत. शेवटी सगळ्या सोडतो.”

“मग?”

मामा रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मागून सायकलवाल्याने घंटी वाजवली, मामा हलला नाही. सायकलवाला शिव्या देत वळसा घालून गेला.

नाट्यगृह दुपारी रिकामं होतं. मामा विंगेत बसला, मी बाईंच्या जागी उभी राहिले, आणि मामी पहिल्या रांगेत, मांडीवर उसवायला घेतलेली बाही. ती एकदाही पडद्याकडे बघत नव्हती. तिला कानच लावायचे होते.

“सगळ्या लाटा,” मामा आतून ओरडला.

“घुं येतंय,” मामी म्हणाली.

“लाटांची पुढची ओळ काढली.”

“येतंय.”

“फेस काढला.”

“येतंय हो.”

“उजवीकडची मोठी लाट...” मामा थांबला. त्या लाटेवर त्याने कितीतरी दुपारी घातल्या होत्या. “ती राहू दे का?”

“मला काय विचारता? मी कान आहे.”

“काढली.”

“कमी झालं. माशीएवढं आहे.”

असं करत करत एकेक लाट गेली. मी मागे वळून बघायची, आणि दर वेळी समुद्र थोडा आणखी सपाट झालेला असायचा. कोणी घरातलं सामान एकेक करून उचलून नेतंय असं वाटत होतं. शेवटी मामा म्हणाला, “आता?”

मामीने सुई थांबवली. नुसता हात वर केला.

मामा बाहेर आला आणि सरळ शेवटच्या रांगेत जाऊन बसला. तिथून बराच वेळ बघत राहिला. पाण्यावर फक्त क्षितिजाची रेघ आणि खालून येणारा किंचित उजेड उरला होता. काहीच हलत नव्हतं.

“कसा आहे?” मी विचारलं.

“हा समुद्र आहे की लादी, तेच कळेना,” मामा म्हणाला. “पण उद्या रविवार आहे.”

प्रयोगाआधी बाई आरशासमोर बसल्या असताना मी त्यांना सांगितलं, “बाई, शेवटी समुद्र थांबणार आहे.”

“थांबणार म्हणजे? बंद पडणार?”

“नाही. थांबणार.”

त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. “मला आधी सांगायला नको?”

“मामाला कालच कळलं.”

“त्याला अंगरख्याचंही असंच उशिरा कळलं होतं,” बाई म्हणाल्या आणि भुवई काढायला लागल्या.

नाट्यगृह भरलेलं होतं. मालक पहिल्या रांगेत, कडेला, उठून जायला सोपं अशा खुर्चीवर. बातमी आली. अंधार झाला. समुद्र उजळला, आणि मामाने सगळ्या लाटा सोडल्या. कार्ड घुं करायला लागलं, पण बाई अजून बोलत होत्या, बातमी आणणाऱ्याच्या अंगावर ओरडत होत्या, त्यात ते बुडून गेलं. मग त्यांचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. खांदा उतरला. मामाचा हात त्या खांद्याबरोबर खाली आला. फेस गेला. पुढची ओळ गेली. उजवीकडची मोठी लाट अर्धी चढली होती, ती तिथूनच मागे सरकली आणि पाण्यात मिसळली. पंख्याचा आवाज उतरत गेला, उतरत गेला, आणि बंद झाला.

बाईंना ते पाठीमागे जाणवलं असणार. त्यांनी हळूच मान वळवली, त्या सपाट पाण्याकडे बघितलं, आणि पुन्हा समोर वळल्याच नाहीत. लोकांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. तालमीत कधी असं केलं नव्हतं. मी पुस्तक मिटलं. कोणी खोकलं नाही. मामाचा हात बटणावर होता, पण हलवायला आता काही नव्हतं. तो नुसता बाईंच्या पाठीकडे बघत होता आणि त्याचे डोळे वाहत होते. पुसायला हात उचलला तर आवाज होईल या भीतीने त्याने पुसलेही नाहीत.

पडदा पडल्यावर बाई थेट विंगेत आल्या. “पडदे, मेल्या! एवढं मोठं पाणी माझ्यासमोर गप्प करून ठेवलंस, मी काय करू? त्याच्यापुढे मला लोकांना तोंड दाखवायची लाज वाटली.”

“वाईट झालं का?” मामा म्हणाला.

“वाईट? लाटा परत घातल्यास तर याद राख.”

“मोठी एक तरी...”

“एक पण नाही.”

तेवढ्यात मालक आले. त्यांनी आधी कॉम्प्युटरकडे बघितलं, अंगरखा नाही याची खात्री केली. मग घसा साफ केला. काळ्या पडद्याचा विषय काढायला तोंड उघडलंय असं वाटून मामी पुढे सरकली.

“पुढच्या नाटकात,” मालक म्हणाले, “दुसऱ्या अंकात वादळ आहे. कापडावर जमणार नाही. पडदे, तुम्हाला जमेल?”

मामीने मामाला कोपर मारलं.

“जमेल,” तो म्हणाला. “गारांसकट जमेल.”

“मग ते भारीतलं कार्ड घेऊन टाका या वेळी. सगळे पैसे मी देतो.”

मामी माझ्याकडे बघून हसली. मामाने मात्र तोंड वाकडं केलं. हिशेबाने नव्हे, अपमान झाल्यासारखं.

“वादळाला भारीतलं कशाला?” तो म्हणाला. “वादळात पंखा घोंघावला तर बरंच आहे की. भारीतलं लागतं ते गप्प समुद्राला.”

“गप्प समुद्र तर साध्यावर केलात.”

“केला. पण त्यापायी उजवीकडची लाट गेली माझी.” आणि ती लाट कशी वळायची हे सांगायला त्याने खांद्यापासून हात फिरवला. मालकांचा चष्मा थोडक्यात वाचला.